ज्याला आधी दिसले

विज्ञानसाहसकथेत दुर्बीण आली की वाचक सावरून बसतो. त्याला अनुभवाने ठाऊक झालेले असते की आता रात्र पडणार, गच्चीवर किंवा डोंगरमाथ्यावर एक माणूस एकटा उभा राहणार आणि इतरांना न दिसलेले काहीतरी त्याला दिसणार. कधी तो धूमकेतू असतो, कधी मंगळावरचा उजेड, कधी परग्रहावरून निघालेले यान. त्या क्षणापासून सकाळ होईपर्यंत, कधी त्याहून पुष्कळ अधिक काळ, साऱ्या पृथ्वीवर ती गोष्ट एकट्या त्यालाच माहीत असते. कथाकार येथे फार रेंगाळत नाहीत. त्यांना पुढच्या धावपळीची, अग्निबाणांची आणि सुटकेची घाई असते. आम्हांला मात्र वय वाढत गेले तसा तोच मधला काळ अधिकाधिक छळू लागला आहे. ज्याला आधी दिसले, त्याने तेवढ्या वेळात काय करावे? ज्यांना दिसलेले नाही, त्यांचे तो काही देणे लागतो काय?

प्रश्न आकाशाचा वाटतो. आमच्यापुरता तो डिचोली तालुक्यातील एका विहिरीपाशी सुरू झाला. ती हकीकत पुढे येईलच; आधी पुस्तकांकडे वळू.

मराठी वाचकाची या यंत्राशी कथेतील ओळख जुनी आहे. १९०० साली कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नची चांद्रकथा 'चंद्रलोकची सफर' या नावाने येऊ लागली आणि मराठी विज्ञानकथेचा आरंभ पुष्कळ अभ्यासक तेथूनच मोजतात. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरचा करून टाकले. आमच्या पिढीतील पेडणे-डिचोलीच्या मुलांच्या हाती तो पडला तो भागवतांच्याच पुस्तकांतून, मुक्तीनंतरच्या वर्षांत. पाने सुटलेली, दोऱ्याने शिवलेली ती प्रत एका घरून दुसऱ्या घरी जात असे, आणि परत येताना तिला कुणाच्या तरी जेवणातील तेलाचा डाग हमखास लागलेला असे.

व्हर्नने १८६५च्या त्या कादंबरीत अमेरिकेतील लाँग्ज पीक या शिखरावर एक अजस्र दुर्बीण उभी केली आहे. सोळा फूट व्यासाचा आरसा, दोनशे ऐंशी फूट लांबीची नळी. तोफेतून चंद्राकडे सुटलेल्या गोळ्यात तीन माणसे बसलेली आहेत आणि त्यांचा मित्र मॅस्टन नळीच्या तोंडाशी डोळा लावून रात्रीमागून रात्री जागवतो आहे. त्या दुर्बिणीवरून जगाला कळविले जाते की गोळा दिसला, तो चंद्राचा उपग्रह होऊन त्याच्याभोवती फिरू लागला आहे. पुढच्या भागात समजते की हे सारे चूक होते. मित्र पॅसिफिक महासागरात केव्हाच येऊन पडले होते. ती बातमी पोचते तेव्हा मॅस्टनचा तोल जातो, तो त्या नळीतच पडतो आणि हाताऐवजी बसविलेल्या लोखंडी आकड्यामुळे कसाबसा लटकून वाचतो. लहानपणी या प्रसंगाला आम्ही पोट धरून हसलो होतो. आता वाटते, व्हर्नने थट्टेत एक गंभीर गोष्ट सांगून ठेवली आहे. मॅस्टन लबाड नव्हता. त्याचे मित्रांवर प्रेम होते, आणि प्रेमाला जे दिसावे असे वाटत होते ते काचेने त्याला दाखविले. खऱ्या ज्योतिषशास्त्रातही हे घडलेच. १८७७ साली स्कियापरेल्लीने मंगळावर रेषा पाहिल्या, पर्सिव्हल लॉवेलने त्यांचे कालवे केले, कालव्यांमागे बुद्धिमान जमात उभी केली, आणि १९६५ साली मरिनर ४ या यानाने जवळून छायाचित्रे धाडली तेव्हा तेथे खड्ड्यांनी भरलेली ओसाड भूमी निघाली.

एच. जी. वेल्सच्या मंगळस्वारीच्या कादंबरीतील ऑगिल्व्हीची चूक याच्या उलट जातीची. तोही दुर्बिणीशी बसतो, मंगळावरून उठणारे वायूचे लोळ त्याला दिसतात, तो शेजाऱ्याला बोलावून दाखवितोही. पण तेथे माणसासारखे कोणी असण्याचा संभव दहा लाखांत एक म्हणून तो मोडीत काढतो. मंगळवासीयांच्या पहिल्या बळींत त्याचीच गणना होते. एकाला नसलेले दिसले, दुसऱ्याला असलेले दिसूनही पटले नाही. तथापि या दोघांनाही एका दोषातून मुक्त करावे लागेल. जे दिसले असे त्यांना वाटले, ते त्यांनी लपविले नाही.

आणि लपविणे हे या यंत्राच्या स्वभावातही नाही. ज्याने कधी शनीचे कडे प्रथम पाहिले असेल त्याने आठवून पाहावे. डोळा काचेवरून निघतो न निघतो तोच तोंडून शब्द येतो, 'अरे, ये, बघ!' पणजीत जुंता हाऊसच्या गच्चीवर खगोलप्रेमींनी वेधशाळा चालविली, तेथे सायंकाळी लहानथोर रांगेत उभे असत आणि पाहून झालेला मनुष्य मागच्याला उगीचच सांगत असे, 'उजवीकडे बघा, बारीक ठिपका आहे तो.' पाहिलेले दुसऱ्याला दाखविण्याची ओढ उपजत असते. गप्प राहणे हे मागाहून, हिशेब कळू लागल्यावर शिकलेले असते.

आपल्या भूमीशी या यंत्राचा संबंध किती लवकर आला हे येथे नमूद करण्याजोगे आहे. गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळविली १६०९ साली. १६१८च्या ऑक्टोबरात चीनकडे निघालेला जेझुइट पाद्र्यांचा एक जथा गोव्यात उतरला. त्यांत योहान श्रेक होता, जो गॅलिलिओच्याच विद्वत्सभेचा सभासद होता, आणि वेन्झेस्लाउस किर्विट्झर नावाचा गणितीही होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात धूमकेतू उगवले. किर्विट्झरने गोव्याच्या आकाशात त्यांचे वेध घेतले, आणि १६२० साली त्या नोंदी युरोपात छापून निघाल्या. पेडणे आणि डिचोली तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हती; ते महाल त्यांच्याकडे गेले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सावंतवाडकर भोसल्यांकडून. परंतु शेपटीचा तारा काही सीमा पाहून उगवत नाही. मांडवीच्या दोन्ही तीरांवर, कोलवाळ ओलांडून थेट तेरेखोलपर्यंत तो दिसलाच असेल, आणि लोकांनी त्याला अरिष्टसूचक मानून देवाला गाऱ्हाणे घातले असेल. मोजमापाचे पुस्तक लॅटिनमध्ये होते. सांगणे घडले, परंतु ज्यांच्या छपरांवर तो तारा होता त्यांच्या भाषेत ते नव्हते. सांगितले म्हणजे कर्तव्य झाले, असे मानणाऱ्यांनी या पुस्तकाची भाषा लक्षात ठेवावी.

मराठीत या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडलेली कथा जयंत नारळीकरांची. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा पाठविली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. तिला पहिले पारितोषिक मिळाले. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा आमच्या मनात प्रथम आली ती मात्र त्यांची 'धूमकेतू'. दत्त नावाचे एक निवृत्त बंगाली गृहस्थ हौसेने दुर्बीण घेतात, तिला 'दिव्यचक्षू' म्हणतात, रात्ररात्र गच्चीवर बसतात, आणि पत्नी इंद्राणीदेवी त्या यंत्राला सवत मानून कुरकुरतात. दत्तांना नवा धूमकेतू सापडतो, त्यांचे नाव होते, आणि मग गणित सांगते की तो पृथ्वीवर आदळणार आहे. शास्त्रज्ञांची गुप्त बैठक बसते, उपाय ठरतो, तो यशस्वी होतो. जगाला यातले काही कळू दिले जात नाही. दत्त घरी परततात तो धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ झालेला असतो. वाचकाचे लक्ष या शेवटच्या गमतीकडे, श्रद्धा आणि विज्ञान यांच्या जुन्या भांडणाकडे, जाते. आमचे लक्ष वाटेतल्या त्या गुप्त बैठकीवर अडून राहते. काही थोड्या माणसांनी ठरविले की उरलेल्या सर्वांना हे न कळलेलेच बरे. कारण कोणते? लोक घाबरतील.

दत्तांच्या दुर्बिणीचे नाव गीतेच्या अकराव्या अध्यायातून आले आहे, पण आम्हांला त्या नावाबरोबर भीष्मपर्वाचा आरंभ आठवतो. व्यासांनी धृतराष्ट्राला दिव्यदृष्टी देऊ केली. त्याने ती नाकारली. कुळाचा नाश डोळ्यांनी पाहणे नको, ऐकेन म्हणाला. दृष्टी संजयाला मिळाली. संजयाचे मोठेपण दूरचे दिसण्यात आहे असे सामान्यतः समजले जाते. खरे पाहता त्याने जे दिसले ते, ज्याला ते सर्वांत अप्रिय होते त्यालाच, सांगितले आणि सांगताना दोषही पदरात घातला. राजा घाबरेल म्हणून त्याने एखादा मृत्यू गाळला नाही.

कोणी म्हणेल, पुराण आणि कथा ठीक, व्यवहारात काय? व्यवहार आता आपल्यापुढे आहे. ११ मार्च १९९८ रोजी जाहीर झाले की १९९७ एक्सएफ११ नावाचा लघुग्रह २०२८ साली पृथ्वीच्या अगदी जवळून, सुमारे अठ्ठेचाळीस हजार किलोमीटरवरून, जाईल आणि आदळण्याची शक्यताही अगदीच नाकारता येणार नाही. जगभर मथळे झळकले. दुसऱ्याच दिवशी १९९०च्या जुन्या छायाचित्रांत तो लघुग्रह सापडला आणि अंतर निघाले साडेनऊ लाख किलोमीटरांच्या पुढे. ज्योतिर्विदांची नाचक्की झाली. तेव्हा पुष्कळांनी म्हटले, यापुढे खात्री होईपर्यंत तोंड उघडू नये. मोह समजण्यासारखा होता. परंतु झाले ते वेगळे. १९९९ साली तोरीनो येथे शून्य ते दहा अशी धोक्याची मोजपट्टी मान्य करण्यात आली, जेणेकरून अर्धवट माहितीही लोकांना तिच्या अर्धवटपणासकट सांगता यावी. डिसेंबर २००४मध्ये अपोफिस या लघुग्रहाची २०२९च्या टकरीची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली. ती लपविली गेली नाही, पुढच्या वेधांनी ती खोडली गेली तेव्हा तेही सांगण्यात आले. २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडलेल्या २०२४ वायआर४चा आकडा फेब्रुवारी २०२५मध्ये ३.१ टक्क्यांवर गेला आणि महिना संपण्यापूर्वी नगण्य झाला. आम्ही तो रोज वर्तमानपत्रात वाचत होतो. बाजारात कोणी पळापळ केली नाही. मासळीचे दर तेवढे नेहमीप्रमाणे चढेच होते. 'लोक घाबरतील' हे वाक्य बोलणारा लोकांना जितके कच्चे समजतो तितके ते नसतात.

आता विहिरीकडे.

आम्ही जन्मात पहिल्यांदा दुर्बिणीतून पाहिले ते १९६५च्या सुमारास, वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी, आणि ती आकाशाकडे रोखलेली नव्हती. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला खाणीसाठी मोजणी चालली होती. तिपाईवर थिओडोलाइट ठेवून बेळगावकडचा एक मोजणीदार उतारावर उभा असे आणि खाली त्याचा माणूस रंगीत पट्ट्यांची काठी धरून सरकत असे. आम्ही चारपाच मुले दिवसभर मागे लागलो, तेव्हा त्याने एकेकाला उचलून डोळा लावू दिला. काचेत देऊळ उलटे दिसले. कळस खाली, पायऱ्या आभाळात. जुन्या यंत्रांत प्रतिमा उलटीच दिसे, ती सुलट करण्यासाठी आणखी भिंगे घालावी लागत आणि प्रकाश वाया जाई, हे फार पुढे कळले. तेव्हा आम्ही केवळ हसलो. आजोबा तेथेच उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी विचारले, 'खाली किती जाणार तुम्ही?' त्याने बोटाने खालच्या वाड्याच्या विहिरीकडे दाखविले आणि सरळपणे म्हणाला, 'काका, त्या विहिरीच्या तळाच्याही पुष्कळ खाली.'

एवढेच संभाषण. आम्हांला ते आठवत राहिले ते उलट्या देवळामुळे.

खाण भूजलाच्या पातळीखाली गेली म्हणजे काय होते हे डिचोलीकरांना समजावून सांगायला नको. खड्ड्यात पाझरणारे पाणी पंपांनी अहोरात्र उपसावे लागते, आणि भोवतालच्या जमिनीतील पाणी उताराने त्या खड्ड्याकडे चालू लागते. आजोबांनी कुठल्या शाळेत भूगर्भशास्त्र वाचले नव्हते, पण कुळागराला पाणी देण्यात त्यांचा जन्म गेला होता. झरीचे पाणी कुठून येते हे ते पायांनी जाणत होते. त्या वाक्याचा अर्थ त्यांना तेथल्या तेथे कळला. पुढच्या वर्षाच्या आत त्यांनी उतारावरचे कुळागर विकले, बरी किंमत आली, आणि ओहळापलीकडे नवी जागा घेतली. गावात म्हटले गेले, भाऊबंदकी नको म्हणून विकले. खालच्या वाड्यातील घरांनी त्याच सुमारास कर्ज काढून माडा-पोफळींची नवी लागवड केली होती. दहाबारा वर्षांनी त्यांची विहीर प्रथम चैत्रात आटू लागली, मग माघात. पोफळी शेंड्याकडून वाळत गेल्या. नंतर टँकर येऊ लागला, आणि टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांत आमच्या वर्गमित्राची आई होती.

शेवटच्या आजारात, १९८३ साली, आजोबांनी हे आम्हांला सांगितले. आम्ही विचारले, 'मग आजोबा, तुम्ही त्यांना का नाही बोललात?' ते म्हणाले, 'लोक घाबरले असते रे. आणि बोलून खाण थांबली असती काय?'

हे दुसरे वाक्य खरे होते. खाण थांबली नसती. ती थांबायला २०१२ उजाडावे लागले, तीही न्यायालयापर्यंत गेल्यावर, आणि पुढे पुन्हा सुरू व्हायची ती झालीच. विज्ञानकथेतील गुप्ततेला निदान एवढा आधार असतो की गप्प राहणारे संकट परतवीत असतात. कथा सुखान्त होते आणि त्या मौनाचा हिशेब कोणी मागत नाही. आमच्या गावात परतविण्यासारखे काही नव्हते. म्हणूनच तेथे प्रश्न उघडा पडतो. संकट टळणारच नसेल तर आधी सांगून उपयोग काय?

या प्रश्नाशी आम्ही पुष्कळ वर्षे झगडलो, आणि आम्हांला जे उमगले ते असे. दुर्बीण दूरचे जवळ आणते असे आपण म्हणतो, ते भाषेच्या सोयीसाठी. धूमकेतू जेथे असतो तेथेच राहतो. पाहणाऱ्याच्या पदरात पडतो तो वेळ. इतरांना पौषात कळणार ते त्याला आश्विनात कळते. हा मधला वेळ त्याने निर्माण केलेला नाही, त्याच्या एकट्याच्या कष्टाचा तो नव्हे. ज्यांच्यावर संकट यायचे आहे त्या सर्वांची ती ठेव असते आणि योगायोगाने ती याच्या हाती आलेली असते. खालच्या वाड्याला ती दहा वर्षे मिळाली असती तर त्यांनी कर्ज काढले नसते. कोणी जमीन चांगल्या भावात दिली असती, कोणी मुलाला वेळीच म्हापशास धाडले असते, कोणी भांडले असते, आणि कोणी हट्टाने तेथेच राहिले असते, पण जाणून राहिले असते. आजोबांनी त्यांना घाबरण्यापासून वाचविले नाही. त्यांचा वेळ स्वतः वापरला. 'लोक घाबरतील' या वाक्याच्या मागे पाहिले तर बहुधा एक जमीन विकली जात असते.

येथे आजोबांवर अन्याय होऊ नये. ते दुष्ट नव्हते. त्यांनी कित्येकांची लग्ने लावून दिली, दुष्काळी वर्षी धान्य वाटले, आणि आटलेल्या विहिरीच्या काळात ओहळापलीकडच्या आमच्या विहिरीवर कुणालाही मज्जाव केला नाही. मरताना तरी त्यांनी सांगितले. आम्ही तेही केले नाही. १९८३पासून आम्हांला हे ठाऊक आहे. वर्गमित्राची आई जिवंत असताना आम्ही तिच्या घरी गणपतीला जात होतो, पानाला बसत होतो, आणि मनाशी म्हणत होतो, आता सांगून कुणाचे भले होणार? जुनी जखम का उकरा? घराण्याचे नाव, सोयरिकी, गावातला मान हे सारे त्या प्रश्नाच्या पोटात होते, हे आज लिहिताना दिसते. आजोबांपाशी निदान दहा वर्षे आधीचे ज्ञान होते. आमच्यापाशी मागाहूनचे होते, आणि तेही आम्ही दाबून ठेवले.

मागील मार्गशीर्षात पेडण्यास आमच्या मावसभावाकडे राहिलो होतो. त्याच्या नातवाला लहानशी दुर्बीण आणून दिली आहे. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३पासून विमाने उडू लागली. तेव्हापासून त्या बाजूचे आकाश पिवळसर झाले आहे आणि क्षितिजाजवळचे तारे पुसट झाले आहेत, तरी डोक्यावरचे अजून दिसतात. मुलाने चंद्र लावला, पाहिला, आणि धावत सोप्यावर येऊन ओरडला, 'अहो आजोबा, चंद्र उलटा आहे!' घरातले सगळे उठून अंगणात गेले. शेजारचेही आले. त्या गर्दीत उभे असताना आम्ही ठरविले की हे लिहून काढायचे.

खालच्या वाड्यातील ती तीन घरे आता तेथे नाहीत. एक म्हापशास, दोन पेडण्यास स्थायिक आहेत. पेडण्याच्या दोन्ही घरी हे त्रैमासिक जाते.